व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घ्यावा की गुपचूप ट्रान्झिस्टरवालाच? (खोली १२ बाय १४, बजेट ९० हजार)

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालं असं की गेल्या महिन्यात नाशिकला एका मित्राच्या सासऱ्यांकडे जेवायला गेलो होतो. त्यांच्याकडे व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूब वापरणारा, अ‍ॅम्प आहे, दिवाणखान्यात शोकेसवर ठेवलेला, वरून उघडा, चार मोठ्या बाटल्या आणि पुढे तीन लहान. जेवण झाल्यावर त्यांनी तो चालू केला, पाच मिनिटं तापू दिला आणि कुमार गंधर्वांची एक रेकॉर्ड लावली. खरं सांगतो, हातातली बडीशेप हातातच राहिली. आवाज मोठा नव्हता, पण माणूस समोर बसलाय असं वाटत होतं. तेव्हापासून डोक्यात तोच किडा.

माझ्याकडे सध्या २००९ मध्ये घेतलेला एक जपानी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प आहे, ५० वॉटचा, त्याचा डावा चॅनल हल्ली मधूनच जातो आणि व्हॉल्यूम फिरवला की खरखर येते. स्पीकर बुकशेल्फ, दोन-वे, मागे लिहिलंय ८६ डीबी, ६ ओहम, कमीत कमी ४ ओहम. हॉल कोथरूडचा, म्हणजे १२ बाय १४, सोफा स्पीकरपासून साधारण ९ फुटांवर. ऐकतो काय तर शास्त्रीय, नाट्यसंगीत, जुनी हिंदी गाणी आणि बायको माहेरी गेली की थोडं रॉक. स्पीकर बदलायचे नाहीत, कारण हे घेतले तेव्हा घरात जे झालं ते पुन्हा नको.

प्रश्न असे की व्हॉल्व्हचा आवाज खरंच वेगळा असतो का की ते सगळं त्या पिवळ्या उजेडामुळे वाटतं? बिल किती येतं? सहा वर्षांचा मुलगा घरात आहे, तो सगळीकडे बोटं घालतो. आणि व्हॉल्व्ह गेले तर मिळतात का अजून? जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

मर्फीचं_बाळ

तिसरी घंटा, मी ७१ वर्षांचा आहे, ठाण्यात वाढलो, तिथे मर्फीची फॅक्टरी होती आणि आमच्या गल्लीत निम्मे लोक तिथे कामाला, त्यामुळे सोल्डरिंगचा वास आमच्या नाकाला लहानपणापासून. १९७० पासून रेडिओ दुरुस्ती केली. तुम्ही लोक आता ज्याला ट्यूब ट्यूब म्हणता त्याला आम्ही नुसतं व्हॉल्व्ह म्हणायचो आणि कुणी त्याकडे भक्तिभावाने बघत नव्हतं. उलट गिऱ्हाईक वैतागलेलं असायचं, की रेडिओ तापेपर्यंत बातम्या संपतात. पुढे तो २एन३०५५ ट्रान्झिस्टर आला, लोखंडी टोपीचा, गणपती मंडळांच्या अ‍ॅम्पमध्ये आम्ही रांगेने ठोकायचो, मिरवणूकभर बडवला तरी मरायचा नाही, आणि मेला तर दोन स्क्रू काढून दुसरा. तेव्हा ट्रान्झिस्टर आला म्हणून आम्ही रडलो वगैरे नाही, सुटलो असंच वाटलं.

पण कान कानच असतो, तुम्हाला जे आवडलं ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. फक्त एक सांगा, नाशिकला स्पीकर कोणते होते? ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि सगळी ग्यानबाची मेख तिथेच असते.

मुलाचं म्हणाल तर हे मात्र गंभीरपणे घ्या. आत ४०० ते ४५० व्होल्ट डीसी असतं. त्याचा झटका जीवावर बेतू शकतो. आणि प्लग काढला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज बसून राहतो, म्हणून आमचे उस्ताद सांगायचे की चॅसिस उघडली की डावा हात खिशात. वरच्या बाटल्या तर नुसत्या स्पर्शानेच भाजतात. जाळी असलेलाच घ्या, आणि जाळी काढून फोटो काढायचा मोह आवरा.

झोपाळू_बोका

बिलाचं माहीत नाही पण डिसेंबरात मांजर कुठे बसणार हे नक्की झालं.

ओहम_शांती

बोक्या, मांजर बसलं तर मांजरच भाजेल. असो, मी आकडे टाकतो कारण या विषयावर लोक उबदार, मखमली, दाणेदार वगैरे शब्द वापरतात आणि मग तीनशे प्रतिसाद होतात.

बिल पहिले. ईएल३४ या जातीच्या एका मोठ्या बाटलीचं फिलामेंट ६.३ व्होल्टवर दीड अँपिअर घेतं, म्हणजे साडेनऊ वॉट, चार बाटल्यांचे ३८ वॉट नुसते लाल दिसण्यात गेले. सगळं मिळून असा अ‍ॅम्प दीडशे वॉटच्या आसपास घेतो, मग तुम्ही भीमसेन लावा नाहीतर काहीच लावू नका. रोज ४ तास म्हणजे ०.६ युनिट, महिन्याला १८. फार नाही, पण मे महिन्यात त्या हॉलमध्ये दीडशे वॉट उष्णता जास्तीची आहे हे लक्षात ठेवा, पंखा लावला की पंख्याचा आवाज आणि मग कसला आलाय सूक्ष्म तानपुरा.

आता पॉवर. तुमचे ८६ डीबी, म्हणजे ठराविक पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा, हे बहुधा २.८३ व्होल्टला मोजलेले असतात. ८ ओहमला ते बरोबर १ वॉट होतं, पण तुमचा ६ ओहमचा आहे म्हणजे तिथे १.३ वॉट जातायत, तर खरा आकडा ८५ धरा. दोन स्पीकर म्हणून ३ वाढवा, ९ फुटांवर बसता म्हणून खोलीत ६ एक वजा करा, राहिले ८२. म्हणजे प्रत्येक स्पीकरला १ वॉट दिला की सोफ्यावर ८२ डीबी. घरात आपण साधारण ७५ ला ऐकतो, त्याला पुरतो फक्त ०.२ वॉट! हो, पाव वॉटसुद्धा नाही. पण तबल्याची थाप ९५ पर्यंत उसळली तर तेवढ्या क्षणाला २० वॉट लागतात, आणि तुमचं ते बायको माहेरी गेल्यावरचं रॉक १०० ला नेलं तर ६० च्या वर.

यात व्हॉल्व्ह कुठे बसतात बघा. ३००बी बाटलीचा सिंगल एंडेड, म्हणजे एकाच बाटलीवर सगळं काम, ज्याचे फोटो बघून लोक पागल होतात, तो देतो ८ वॉट. तुमच्या स्पीकरवर तो ९१ डीबीला हात टेकणार. ईएल८४ ची जोडी पुश-पुलमध्ये (एक ढकलते, दुसरी ओढते) १२ ते १५. ईएल३४ ची जोडी ३५ च्या आसपास, म्हणजे साडेसत्त्याण्णव. बस. हेच तुमचे स्पीकर ९४ डीबीचे असते तर तो ८ वॉटवाला पण मजेत गायला असता. म्हणून मर्फीकाकांचा प्रश्न बरोबर आहे.

तिसरी_घंटा

मित्राला फोन करून विचारलं. तो म्हणाला स्पीकर म्हणजे दोन कपाटं आहेत, कमरेएवढी उंच, आत १२ इंची कोन आणि वर हॉर्न, जुन्या स्टॉकमधून घेतलेले, मागे ९६ डीबी लिहिलंय. मी तर त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं, मला वाटलं फुलदाणी ठेवायची टेबलं आहेत, कारण वर खरंच फुलदाणी होती.

ओहम_शांती

लो! ८६ आणि ९६ मध्ये १० डीबी, म्हणजे पॉवर दहापट. त्यांच्या ३५ वॉटची बरोबरी करायला तुम्हाला ३५० वॉट लागतील.

डग्गातोड

नुसते आकडे नकोत, सहा वर्षं ईएल३४ पुश-पुल वापरतोय डोंबिवलीत, तर संसार कसा असतो ते लिहितो.

पहिलं म्हणजे तो तुमच्या वेळेने चालत नाही. दहा मिनिटं वाजवायचं म्हणून लावत नाही कुणी, तापायलाच तेवढी जातात. मोठ्या बाटल्या दोन-तीन हजार तास धरा, लहान ईसीसी८३ वगैरे त्याच्या कितीतरी पुढे जातात. रोज ४ तास म्हणजे वर्षाला १४६० तास, तर साधारण दोन वर्षांनी मोठ्या चार बदलायच्या. मिळतात, स्लोव्हाकियातल्या मिळतात, रशियातल्या सारातोवच्या, चीनच्या. पण २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा रशियन माल अडकला आणि भाव जे चढले ते मी पाहिलेत. मॅच केलेला चौघांचा सेट कस्टम भरून इथे येईपर्यंत दहा हजारांच्या पुढेच जातो. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह अजून कुठे कुठे दुकानांच्या माळ्यावर निघतात, पण खोक्यावर नवा लिहिलं म्हणून नवा असतोच असं नाही, टेस्टरवर बघितल्याशिवाय घेऊ नका.

दुसरं, बायस, म्हणजे गाणं नसतानाही बाटलीतून किती करंट वाहू द्यायचा ते. माझ्यात फिक्स्ड बायस आहे, तर नवीन सेट बसवला की प्रत्येक बाटलीचा करंट मल्टिमीटरने लावावा लागतो, १० ओहमच्या रेझिस्टन्सवर ०.३५ व्होल्ट दिसले की ३५ मिलिअँप. कठीण नाही, पण बायको विचारते की गाणं ऐकायला डॉक्टरसारखे प्रोब कशाला लावतोस. हे नको असेल तर कॅथोड बायसवाला बघा, पॉवर थोडी कमी मिळते पण तो आपलं आपण सांभाळतो. एकदा माझी एक बाटली आतून लाल व्हायला लागली, म्हणजे फिलामेंट नाही, बाहेरची काळी प्लेटच भट्टीतल्या सळईसारखी. तेव्हा ताबडतोब बंद करायचं, दुसरं काही बघायचं नाही.

तिसरं, आणि हे माझं पाप. घर रंगवायला काढलं होतं, स्पीकरच्या वायरी काढल्या, रंगारी गेल्यावर घाईत अ‍ॅम्प लावला आणि गाणं का येत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवला. स्पीकर जोडलेलाच नव्हता. ट्रान्झिस्टरवाल्याला त्याचं काही वाटत नाही, पण व्हॉल्व्हच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला लोड नसलं की व्होल्टेज भलतंच चढतं आणि आत वाइंडिंगमध्ये ठिणगी पडते. गेला. रीवाइंड करून आणायला अडीच महिने लागले आणि ज्याने केलं त्याने प्रत्येक भेटीत मला माझा गाढवपणा नव्याने समजावून सांगितला.

आणि तरीही मी तो विकणार नाही. का ते मला आकड्यात सांगता येत नाही. माझे स्पीकर ९१ डीबीचे आहेत आणि इंपीडन्स (तो ओहमचा आकडा) फार खाली जात नाही, जमतं त्यांचं.

मंद्रसप्तक

का ते मी थोडं सांगू शकतो असं वाटतं. मी गातो, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो नाही, चुकलं तर ओहम_शांती कान धरतीलच.

कुठलाही अ‍ॅम्प मूळ आवाजात थोडं स्वतःचं घालतोच. सिंगल एंडेड व्हॉल्व्ह प्रामुख्याने दुसरा हार्मोनिक घालतो. म्हणजे तुम्ही सा लावलात तर तो हळूच वरचा सा मिसळतो. तिसरा हार्मोनिक म्हणजे तार पंचम. पाचवा म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार, हाच तो आपला तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार, जो कुणी छेडत नाही पण ऐकू येतो. सातवा मात्र आपल्या कोमल निषादाच्याही खाली उतरलेला असतो, तो कानाला खुपतो. तर वरचा सा कुणाला खुपणार? तो बेसूर नाहीच, म्हणून आवाज भरीव वाटतो.

पण गंमत पुढे आहे. दोन सूर एकत्र आले की अ‍ॅम्प त्यांची बेरीज आणि वजाबाकी पण करतो. सा २०० हर्ट्झ, प ३०० हर्ट्झ धरा. वजाबाकी १००, म्हणजे खालचा सा. बेरीज ५००, म्हणजे तार गंधार. दोन्ही सुरेल! तानपुरा आणि एक गळा असेल तर हे सगळं फुकटात मिळालेल्या दुसऱ्या तानपुऱ्यासारखं वाटतं. आता २०० च्या सा बरोबर कोमल रिषभ घ्या, २१३. बेरीज ४१३, ना सा ना रे. आणि शंभर व्हायोलिनचा ताफा एकदम आला की असल्या शेकडो बेरजा-वजाबाक्यांचा लगदा होतो. म्हणून कुमार ऐकून व्हॉल्व्हच्या प्रेमात पडणं सोपं आहे, तिथे रॉक लावलं असतं तर काय झालं असतं ते विचारा.

अर्थात माझं स्वतःचं मत असं की तानपुऱ्याची जवारी घोडीवरच्या दोऱ्याने काढावी, अ‍ॅम्पने काढायची गरज नाही. मी ट्रान्झिस्टरवर ऐकतो आणि सुखी आहे.

ओहम_शांती

कान कशाला धरू, मस्त लिहिलंय. फक्त एक भर, डग्गातोड यांचा अ‍ॅम्प पुश-पुल आहे आणि पुश-पुलमध्ये दोन बाटल्यांचे सम हार्मोनिक एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. म्हणजे आउटपुटला जे उरतं त्यात तिसराच पुढे असतो. तेव्हा ‘व्हॉल्व्ह म्हणजे सम हार्मोनिक म्हणून गोड’ हे जे जिथेतिथे लिहिलेलं असतं ते सगळ्यांना लागू नाही. नाशिकचा चार बाटल्यांचा, तोही पुश-पुलच असणार.

मग फरक कुठून येतो? माझ्या मते मोठा भाग आउटपुट इंपीडन्सचा. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा तो शून्याच्या जवळ असतो. व्हॉल्व्हचा, फीडबॅक कमी असेल तर, २ ओहमपर्यंत सहज जातो. आता तुमच्या स्पीकरचा इंपीडन्स काही सगळीकडे ६ नाही, तो कुठे ४ असेल आणि क्रॉसओव्हरच्या (जिथे आवाज मोठ्या कोनकडून ट्विटरकडे जातो त्या) आसपास २० पण असेल. २ ओहम मध्ये आले की ४ ओहमच्या जागी साडेतीन डीबी पडतात आणि २० च्या जागी एक डीबी पण पडत नाही. म्हणजे अ‍ॅम्पने तुमच्या नकळत अडीच डीबीचा इक्वलायझर लावला. आणि तो इक्वलायझर कसा लागणार हे तुमचा स्पीकर ठरवणार! तोच अ‍ॅम्प दुसऱ्या स्पीकरवर वेगळा वाजणार. म्हणून फोरमवर विचारून व्हॉल्व्ह घेणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल घेणं.

याचा एक किस्सा आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत बॉब कार्व्हर नावाच्या डिझायनरने स्टिरिओफाइल मासिकाला पैजेवर सांगितलं की तुमचा कुठलाही आवडता महागडा अ‍ॅम्प द्या, माझा स्वस्तातला ट्रान्झिस्टरवाला तसाच वाजवून दाखवतो. त्यांनी व्हॉल्व्हचा दिला. हा पठ्ठ्या हॉटेलच्या खोलीत बसून दोन्ही अ‍ॅम्पच्या आउटपुटमधला फरक मोजत मोजत आपल्याला दुरुस्त करत गेला, आणि शेवटी मासिकवाल्यांना दोन्हींतला फरक सांगता आला नाही.

तुम्ही हॉटेल घेऊ नका. तपकीर गल्लीत जा, १० वॉटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टन्स मागा, २.२ ओहम, दोन नग. दोन्ही स्पीकरच्या लाल वायरीत एकेक सीरिजमध्ये टाका आणि आठवडाभर ऐका. हा झाला तुमचा गरिबाचा व्हॉल्व्ह. फक्त तो तापतो, गालिच्यावर टेकवू नका. आणि महत्त्वाचं, रेझिस्टन्स टाकल्यावर आवाज अडीच-तीन डीबीने उतरतो, तो व्हॉल्यूमने भरून काढल्याशिवाय तुलना करू नका, कारण माणसाला मोठा तोच चांगला वाटतो. ४०० हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट सारखे करा, २.०० ला २.०२ इतपत चालेल.

डग्गातोड

‘गरिबाचा व्हॉल्व्ह’ हे जरा लागलं हो. माझा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, क्लिपिंगला (पॉवर कमी पडून आवाज कापला जातो तेव्हा) हळूहळू वाकणं, हे सगळं एका दहा रुपयांच्या पांढऱ्या दगडात येतं का?

ओहम_शांती

नाही येत, मान्य. व्हॉल्व्ह ओढला की हळूच वाकतो, ट्रान्झिस्टर भिंतीला धडकल्यासारखा कापतो आणि तेव्हा ट्विटर जायची भीती असते. पण ०.२ वॉटवर ऐकणाऱ्या माणसाला क्लिपिंग भेटतंच कुठे. लागलं असेल तर माफी, पण अंधारात एकदा रेझिस्टन्सशी सामना लावून बघाच.

झोपाळू_बोका

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत विचारतो, ते ऑनलाइन पाच-सहा हजारांत ट्यूब अ‍ॅम्प मिळतात, पुढे दोन छोट्या बाटल्या असलेले, ते घेऊ का मांजरासाठी?

मर्फीचं_बाळ

बोक्या, त्या बाटल्यांखाली बघ, नारिंगी एलईडी लावलेला असतो, म्हणून तापलेल्या दिसतात. बहुतेकांत ६जे१ ची जोडी असते, ती सिग्नलला नुसती आत-बाहेर फिरवून आणते, खरं काम मागे क्लास डी ची चिप करते. चिप वाईट नाही हो, त्या पैशात फार छान वाजते, पण मग बाटली कशाला? देव्हाऱ्यात इलेक्ट्रिकचा दिवा लावल्यासारखं आहे.

आणि तिसरी घंटा, खरा व्हॉल्व्ह कधी घेतलात तर मागची पाटी वाचून घ्या. जपानमधून सेकंडहॅंड येतात ते १०० व्होल्टचे असतात. काही २२० चे. आपल्याकडे रात्री लाइन २४५ ला जाते, मी स्वतः मोजली आहे. २२० च्या ट्रान्सफॉर्मरला २४५ दिले की ६.३ चं फिलामेंट ७ व्होल्टवर जळत बसतं, आणि मग लोक म्हणतात हल्लीचे व्हॉल्व्ह टिकत नाहीत.

अजून एक. इंग्लंडच्या पीटर वॉकरने १९५३ मध्ये क्वाड टू नावाचा अ‍ॅम्प काढला, १५ वॉटचा, केटी६६ व्हॉल्व्हचा, लोक आजही त्याच्यासाठी जीव टाकतात. त्याच माणसाने पुढे ट्रान्झिस्टरकडे जाऊन १९७५ मध्ये ४०५ काढला. त्याला काय कमीपणा वाटला नाही. तुम्ही का एवढा विचार करताय? डाव्या चॅनलचं आधी बघा. २००९ चा आहे ना, स्पीकर रिले काळा पडला असेल, खरखर म्हणजे व्हॉल्यूमचा पॉट. दोन्ही हजार-दोन हजारात होतं.

तिसरी_घंटा

अपडेट देतो. शनिवारी तपकीर गल्लीत गेलो, दुकानदाराने २.२ ओहम दोन नग दिले आणि विचारलं काय करताय, मी सांगितलं स्पीकरला लावणार, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे काही बोललो नाही. येताना अ‍ॅम्प दुरुस्तीला टाकला, रिलेच गेला होता, काका म्हणाले तसंच. पॉट साफ करून दिला.

मग चार दिवस ऐकलं. किशोरीताईंचा आवाज रेझिस्टन्स लावल्यावर खरंच थोडा पुढे येतो, सोफ्याच्या दिशेने म्हणा, आणि मला ते आवडलं, खोटं का बोलू. नाट्यसंगीतात ऑर्गन पण भरतो. पण तबला बिघडतो. डग्ग्याची घुमक लांबते, थाप संपली तरी आवाज रेंगाळतो, द्रुत सुरू झालं की सगळं एकमेकांत. रॉक तर दोन मिनिटांत बंद केलं. नंतर मित्राला बोलावून त्याच्याकडून बदलून बदलून लावून घेतलं, मी भिंतीकडे तोंड करून, आवाज मल्टिमीटरने सारखा केलेला. दहापैकी आठ वेळा बरोबर ओळखलं, पण दर वेळी डग्ग्यावरूनच, गळ्यावरून नाही. म्हणजे जे मला नाशिकला आवडलं ते हे नव्हेच असं वाटायला लागलंय.

मुलाने विचारलं बाबा स्पीकरला खडू का बांधलाय.

मंद्रसप्तक

दहापैकी आठ म्हणजे कान चांगला आहे. मग ९० हजार बाजूला ठेवा, आणि नाशिकच्या अ‍ॅम्पवर तुमचे स्पीकर किंवा तुमच्या अ‍ॅम्पवर नाशिकचे स्पीकर, यातलं एक काहीतरी ऐकल्याशिवाय पाकीट उघडू नका.

डग्गातोड

+१. आणि डोंबिवलीला या कधी, माझ्याकडे दोन्ही आहेत, ट्रान्झिस्टरवाला पण कपाटात आहे. ओहम_शांतींना पण घेऊन या, अंधारात बसवू त्यांना.

ओहम_शांती

येतो. रेझिस्टन्स मी आणतो.

तिसरी_घंटा

आज नाशिकला फोन केला आणि म्हणालो काका, माझा छोटा जपानी अ‍ॅम्प घेऊन येतो एका रविवारी, तुमच्या स्पीकरवर लावून बघायचाय. ते म्हणाले ये की, पण खरं सांगू का, गुडघ्यांमुळे आता फ्लॅट लहान घेतोय, अ‍ॅम्प मी नेणार आहे, ती दोन कपाटं मात्र जात नाहीत, तुला हवी असतील तर टेम्पो घेऊनच ये.

घरी अजून सांगितलेलं नाही. हॉलमध्ये टेप घेऊन मापं काढत होतो तर बायकोने विचारलं काय मोजतोयस, म्हटलं फुलदाणीसाठी टेबल.